झेंडूच्या माळेवर फोडलेलं खापर

कुरुंदवाडला एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत नवरीच्या मामाने माझी ओळख दुसऱ्या एका पाहुण्याला करून दिली. "हे आमचं कॉम्प्युटरवालं पावणं. ह्यांच्या बायकोनं मशीनला झेंडूची माळ घातली आन् निम्म्या तालुक्याचं दूध आडलं, त्येच हे." पाहुणा हसला, मामा हसला, जिलेबी वाढणारा पोऱ्या हातातलं ताट सावरत हसला. मी रिकामं ताट होतं तिथे ठेवलं, बायकांच्या रांगेतून बायकोला बाहेर काढलं आणि गाडी काढली.

"जेवून तरी यायचं," ती गाडीत म्हणाली.

तिला राग आला नव्हता. मला आला होता. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. त्या मामाला सांगायचं राहिलं ते इथे सांगतो.

आधी धंदा सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या भिंतीला लागून माझी जागा आहे. आत एक थंड खोली आणि खोलीत सर्व्हर. क्लाउड म्हटलं की लोकांना काहीतरी परदेशातलं, वरचं वाटतं. माझ्या क्लाउडला पत्र्याचं छप्पर आहे, आणि एसीच्या जाळीतून फाउंड्रीची काळी धूळ सारखी झाडावी लागते. ज्या कारखान्यांना, पतसंस्थांना, दवाखान्यांना स्वतःची यंत्रं सांभाळायची कटकट नको असते, त्यांना मी माझ्या यंत्रांतला वाटा भाड्याने देतो. मोठ्या कंपन्यांचा फोन लागत नाही. माझ्या दारात येऊन शिव्या घालता येतात. माझ्याकडे विकायला तेवढाच खास माल आहे आणि तो खपतो.

सुरुवात शाहूपुरीत एका जिन्याखाली केली, मॉनिटर दुरुस्तीपासून. बारावीच्या पुढे गेलो नाही. इंग्रजी मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तकांतून शिकलो, त्यामुळे मला इंग्रजीत भांडता येतं, गोड बोलता येत नाही. बायको लग्न होऊन आली ती थेट त्या जिन्याखालीच. मी गिऱ्हाइकाशी भांडायचो आणि ती फोन उचलायची, असं आमचं काम वाटलेलं होतं. अजून तसंच आहे. गिऱ्हाइकं माझ्यामुळे येतात की तिच्यामुळे टिकतात, यावर आमच्या घरात वाद होत नाही, कारण उत्तर दोघांनाही माहीत आहे.

वडील मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला तोलार होते, काट्यावर वजन करायचे. त्यांच्या काळात भाव रुमालाखाली ठरायचा. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे आणि बोटं दाबून भाव बोलायचे. वर तोंडं अशी की जणू मयताला आलेत. वडील मला म्हणायचे, "रुमालाखाली काय बी कर. समोरच्याला रडव. पर हात सुटला की भाव संपला. मग वजन पुरं." सौद्यात मार खाल्लेला एखादा माणूस काट्याशी चाळे करायला लागला, तर वडील काटा थांबवून बाजूला उभे राहायचे. मालक असो की हमाल. मी शाळेत काय शिकलो ते आठवत नाही, हे आठवतं.

तर ती पेटी. गारगोटीच्या बाजूच्या एका दूध डेअरीचं काम मला मिळत होतं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळी दूध येतं, लिटर आणि फॅट मोजली जाते, त्याची नोंद डेअरीच्या सर्व्हरवर होते आणि दूध घालणाऱ्या बाईच्या हातात चिठ्ठी पडते. तो सर्व्हर डेअरीच्या कपाटात होता, तो माझ्याकडे आणायचा होता. तोवर माझ्याकडे प्रत्येक सर्व्हरच्या पोटात त्याची डिस्क होती. सर्व्हर मेला की डिस्क घेऊन मेला. डेअरीसाठी असलं चालणार नव्हतं. मी स्टोरेजची मोठी पेटी घ्यायचं ठरवलं. तिच्यात नुसत्या डिस्क भरलेल्या असतात. क्लाउडचं सॉफ्टवेअर तिला सांगतं, या गिऱ्हाइकाला एवढा तुकडा काप. पेटी तुकडा कापते, नेटवर्कच्या तारेवरून देते, आणि घेणाऱ्याला वाटतं ही माझ्या पोटातलीच डिस्क. याला ब्लॉक स्टोरेज म्हणतात. शेत एकाचं, वाटेकरी पुष्कळ आणि प्रत्येकाला बांध घालून दिलेला, तसं.

पण सगळ्यांचं सगळं एका पेटीत आलं की ती पेटी पडून चालत नाही. म्हणून चांगल्या पेटीला दोन कंट्रोलर असतात. पेटीचे दोन मेंदू म्हणा. एक गेला तर दुसरा ओढतो. नुसते दोन असून मात्र भागत नाही. प्रत्येक सर्व्हरला दोन्हींकडे जायची वाट बांधून द्यावी लागते. तारा वेगळ्या, स्विच वेगळे, आणि क्लाउडच्या सेटिंगमध्ये दोन्ही कंट्रोलरचे पत्ते घालून सांगावं लागतं की दोन्ही वाटा धर. तार खोचली म्हणजे वाट झाली असं नाही. सर्व्हरला पत्ताच माहीत नसेल तर त्या तारेवर कपडे वाळत घालावेत.

पेटी विकायला पुण्याहून एक विक्री अधिकारी आला. गुळगुळीत माणूस.

"सर, तुमच्या लोडला एका कंट्रोलरचं मॉडेल पुरेल. बजेटमध्येही बसेल."

"एकाचं नको. दोन पायजेत."

"मग भाव थोडा..."

"भाव बोलूया की. कुणाला घाई हाय?"

घाई त्याला होती, मला नव्हती. तो उठून जायचा आणि पुन्हा यायचा. मी फोन उचलायचो नाही आणि मग स्वतःच करायचो. मी त्याला दुसऱ्या कंपनीचं पत्रक दिसेल असं टेबलावर ठेवलं. त्याने ते उलटं करून ठेवलं. शेवटी तो म्हणाला, "सर, याच्या खाली गेलो तर माझी नोकरी जाईल."

"कोल्हापूरला या. आमच्यात लावतो."

हसला आणि हात पुढे केला. मी हात धरला, पण सोडला नाही. "दोन्ही कंट्रोलर. दोन्ही वाटा. क्लाउडला जोडून, चालवून दाखवून. व्हय?"

"हो सर. इन्स्टॉलेशनमध्ये सगळं येतं."

मग मी हात सोडला.

पेटी आली, मागून इंजिनिअर आला. कमी बोलणारा, हात साफ. डिस्कचे गट पाडले, क्लाउडच्या फाइलमध्ये पेटीचं नाव घातलं, एक तुकडा कापून चाचणीच्या मशीनला लावून दाखवला. सुरेख चाललं. मला माणूस आवडला होता, हे मुद्दाम सांगतो. पण कामाला दिलेला वेळ संपत आला तसा तो सारखा मोबाइलवर पुण्याच्या गाडीची वेळ बघायला लागला. मी पेटीसमोर उभा होतो. सगळे दिवे हिरवे.

"एक कंट्रोलर बंद करून दावा," मी म्हणालो.

"आत्ता? सर, डेअरीचा डेटा चढतोय. मध्येच नको. पुढच्या व्हिजिटला करू."

"आमी करू का?"

"प्लीज नको. सेटिंगला बाहेरचा हात लागला तर वॉरंटीचा प्रश्न येतो."

डेअरीचं काम माझ्या पेटीवर सुरू झालं, पण पुढची व्हिजिट झाली नाही. मी फोन करत राहिलो. दर वेळी सांगायचे, कॅलेंडरमध्ये टाकलंय. ते कॅलेंडर कुणाच्या भिंतीवर आहे ते मला कळलं नाही.

मग खंडेनवमी आली. बाहेरच्या लोकांना उद्यमनगरची खंडेनवमी माहीत नसते. एरवी तिथे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी भट्ट्या थंड, लेथ धुऊनपुसून तेल लावलेले, स्पॅनर-हातोड्यांची रांग मांडून त्यांना हळदकुंकू. हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबलेलं असतं. शेजारच्या फाउंड्रीचा मालक त्या दिवशी भट्टीच्या पाया पडतो, त्याला कुणी अडाणी म्हणत नाही, कारण त्याच्या घरासमोर गाड्या उभ्या असतात.

आमच्याकडे पूजा बायको करते. जिन्याखाली होतो तेव्हा सोल्डरिंगच्या सळईची करायची, आता सर्व्हरची. यंत्रं बंद ठेवता येत नाहीत, तेवढाच फरक. ती अडाणी बाई नाही. पावडर आत जाते म्हणून हळदकुंकू कागदावर काढून तो रॅकवर ठेवला. अगरबत्ती बाहेर दारात लावली. नव्या पेटीसाठी मात्र लक्ष्मीपुरीतून भरगच्च झेंडूची माळ आणली होती. ती तिने पेटीच्या तोंडावर इकडून तिकडे बांधली. फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, आमच्या घरी आलेली नवी पाहुणी.

दसऱ्याच्या सकाळी डेअरीच्या मॅनेजरचा फोन आला. मॅनेजर शेतकरी घरातला, जुन्या चालीचा, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा.

"मालक, चिठ्ठ्या निघंनात की वो."

"कुठल्या गावात?"

"गाव इचारू नका. कुठंच न्हाय. बाया किटल्या घिऊन उभ्या हाईत आन् पोरं मशीनकडं बघत बसल्यात."

मी आंघोळ तशीच सोडून पळालो. खोलीत गेलो तर पेटीचा एक कंट्रोलर मेलेला. माळेच्या पाकळ्या पुढच्या जाळीला चिकटून बसलेल्या. पंखा हवा आत ओढतो, त्याने पाकळ्याही ओढल्या होत्या. आणि दुसरा कंट्रोलर? तो जिवंत होता. दिवे हिरवे, तब्येत उत्तम. बैल धडधाकट गोठ्यात उभा आणि त्याला औताला जोडलेलंच नाही. एकाही सर्व्हरला त्याचा पत्ता माहीत नव्हता. सगळे मेलेल्याच्या दारात उभे राहून हाका मारत होते, आणि डेअरीची डिस्क लटकली होती.

माळ मीच काढली. इंजिनिअरने पुण्यातून फोनवर सांगत सांगत मेलेला कंट्रोलर उठवला, मग एकेक मशीन उठवली. तोवर गावांतून दूध गेलं होतं. लोकांनी वह्यांची पानं फाडून लिटर लिहून दिले होते. सणाच्या सकाळी कागदाच्या चिठोऱ्यांवरून भांडणं लागली ती वेगळीच. मॅनेजरने त्याच दिवशी काम परत कपाटातल्या जुन्या सर्व्हरवर नेलं. तोही चुकला नाही. मी असतो तर तेच केलं असतं.

पुण्याच्या लोकांनी चौकशी केली आणि अहवाल पाठवला. हवेच्या मार्गात बाहेरची वस्तू, गिऱ्हाइकाचा निष्काळजीपणा. बस. दुसऱ्या कंट्रोलरबद्दल एक अक्षर नाही. विक्री अधिकाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "सर, श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाही, आमच्याही घरी पूजा असते. पण फोटोत माळ स्पष्ट दिसतेय." माझ्या बायकोचा नंबर त्याच्याकडे होता. त्यांच्या बिलाचे पैसे तीच पाठवायची. तिने कौतुकाने ठेवलेला फोटो त्याने उचलला आणि डेअरीच्या मॅनेजरला पाठवला. मॅनेजरने संचालकांना पाठवला. तिथून तो गावागावांत गेला. माझ्या धंद्याची जाहिरात इतकी कधी पसरली नव्हती.

मॅनेजरचा फोन आला तेव्हा तो आधी हसला. "वहिनींस्नी सांगा, पुढच्या येळंला माळ देवाला घाला. मशीनला नको." मग हसणं थांबवून म्हणाला, "संचालक मंडळ म्हणतंय, पुण्याच्या कुणाकडं तरी जाऊया. तितं माळबीळ न्हाय. मी थांबवून धरलंय, पर किती दिवस धरणार?"

फोन स्पीकरवर होता. बायको समोर बसली होती. ती म्हणाली, "मी घातली ती घातली. पडलं असंल त्येच्यानं." आणि उठून गेली. त्यानंतर ती थंड खोलीत यायची बंद झाली. डेअरीचा फोन आला की "तुमीच घ्या" म्हणायची. जी बाई जिन्याखालून सगळ्या गिऱ्हाइकांना सांभाळत आली, ती एका नंबरला घाबरायला लागली. मला पेटी पडल्याचा राग कमी होता. हा राग जास्त होता.

कारण माझं म्हणणं साधं होतं. समजा, माळेनेच कंट्रोलर पडला. मी नाही म्हणत नाही. पण माळेऐवजी उंदीर असता तर? फाउंड्रीची धूळ असती तर? पंखा आपणहून जळाला असता तर? एक पडेल म्हणूनच मी दुसरा घेतला होता. तो कशाने पडेल याची यादी मी सौद्यात केली नव्हती. त्यांनी दुसऱ्या कंट्रोलरचा भाव घेतला, दिवे हिरवे करून दाखवले आणि वाट बांधलीच नाही. गुळाच्या रव्यात, म्हणजे ढेपेत, दगड घालून वर चकाचक कागद लावावा तसं.

मी विक्री अधिकाऱ्याला फोन केला. त्याला वाटलं मी काहीतरी मागणार. माझी तशी ख्याती आहे. त्याने आपणच वॉरंटी वाढवून द्यायची तयारी दाखवली, वर्षाची देखभाल फुकट म्हणाला, मग आणखी डिस्कही द्यायला लागला. जन्मात पहिल्यांदा समोरचा माणूस देत होता आणि मी नको म्हणत होतो. तो गोंधळला.

"मग तुम्हाला हवंय तरी काय सर?"

"एक वाक्य. डेअरीच्या मॅनेजरसमोर. दुसरी वाट बांधलेली नव्हती, यवढं बोलायचं. तेच्यापुढं मग माळंचं काय बोलायचं ते बोला."

"लेखी?"

"तोंडी. समोर. त्यो फोटो तुमी ज्याला पाठिवला, त्येच्याच समोर."

त्याला ते डिस्क देण्यापेक्षा महाग पडत होतं. पुष्कळ दिवस टोलवलं. मग मी सांगितलं की जिल्ह्यात जिथे जिथे यांच्या पेट्या आहेत तिथे जाऊन मी लोकांना एकच सांगणार, एक कंट्रोलर बंद करून बघा. दुसऱ्याच दिवशी त्याने यायची तारीख दिली.

विक्री अधिकारी आला, तोच इंजिनिअर आला, आणि मॅनेजर टोपी सारखी करत आला. माझ्याच थंड खोलीत चौघे उभे राहिलो. बायको बाहेरच्या टेबलाशी होती. मी दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, एसीची हवा गेली तर गेली.

विक्री अधिकाऱ्याने सुरुवात केली. एअरफ्लो म्हणजे काय, तापमान म्हणजे काय. मॅनेजर मान डोलावत होता, जशी कीर्तनात डोलवावी. मी मध्येच बोललो.

"माळ काढलीया. जाळी साफ हाय. डेअरीचं काम हितं न्हाय, हाय ते माझं स्वतःचं हाय, बुडालं तर माझं बुडंल. आता तुमच्या हातानं एक कंट्रोलर बंद करा."

"सर, असं प्रॉडक्शनवर..."

"प्रॉडक्शन माझं हाय. मी सांगतोय. करा."

तो इंजिनिअरकडे बघायला लागला. इंजिनिअर पेटीकडे बघत होता.

"का थांबलासा?" मॅनेजर म्हणाला. "मालक सांगत्यात तर करा की. माळ तर न्हाय आता."

इंजिनिअर हळूच म्हणाला, "बंद पडेल."

"काय बंद पडंल?"

"सगळंच. सर्व्हरना एकाच कंट्रोलरचा पत्ता दिलाय. दुसरा पाथ कॉन्फिगर करायचा राहिला होता. मी ऑफिसला कळवलं होतं."

मॅनेजरने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, संपलं. पण विक्री अधिकारी कसलेला होता.

"हे बघा, दोन्हीकडून थोडं थोडं झालं. माळही होतीच ना? आणि सर, स्पष्ट बोलतो, इतका भाव पाडल्यावर इंजिनिअरला जास्त दिवस देणं आम्हाला परवडत नाही. दिवस कमी पडले ते तुमच्यामुळेच."

माझ्या हातात काय होतं ते आठवत नाही, ते मी टेबलावर आपटलं. "भाव मी पाडला. पाडणारच. पुन्ना पाडंन. परवडत नव्हता तर हात द्यायचा नव्हता. उठून जायचं हुतं, गेलाच हुतासा की कितीदा. हात दिल्यावर माप मारायचं, हे कुठल्या बाजारात शिकलासा? आन् वर माझ्या बायकोचा फोटो गावभर फिरवायचा?"

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मॅनेजर बोलला. तो माझ्या बाजूने बोलत नव्हता, त्याला फक्त आत्ता नीट कळलं होतं. आयुष्य दुधात गेलेला माणूस.

"म्हंजी कसं झालं पावणं, दर कमी बसला म्हणून तुमी दुधात पाणी घातलंसा. आन् दूध नासल्यावर म्हणालासा, वहिनींची किटली उष्टी हुती."

ते वाक्य विक्री अधिकाऱ्याच्या तोंडून मला मिळालं नाही ते नाहीच, इंजिनिअरच्या तोंडून मिळालं आणि मॅनेजरने त्याचा अर्थ सांगितला. मी घासाघीस करणारा माणूस आहे, कुठे थांबायचं ते मला कळतं. मी इंजिनिअरला म्हणालो, "बांधा आता."

त्याने आमच्या देखत बांधली. क्लाउडच्या फाइलमध्ये दुसऱ्या कंट्रोलरचे पत्ते घातले, दोन्ही वाटा धरायची सूचना चालू केली, एकेका सर्व्हरला दोन्हींकडे जोडून घेतलं, तुकडे सोडवून परत लावले. वेळ लागला. बायकोने चहा आत पाठवला, स्वतः आली नाही. मग त्याने चाचणीच्या मशीनवर एक घड्याळ चालू केलं, जे सेकंदा सेकंदाला डिस्कवर वेळ लिहितं, आणि कंट्रोलर बंद केला. घड्याळ अडखळलं. मग घड्याळ चालायला लागलं, जसं काही झालंच नाही.

"बास? यवढंच?" मॅनेजर म्हणाला.

"एवढंच," इंजिनिअर म्हणाला.

एवढ्यासाठी सगळं. जाताना मॅनेजर दारात थांबला. "काम तुमच्याकडंच ऱ्हाईल. मी बोलतो मंडळाला." मग बायकोकडे वळून, हसत, "पर वहिनी, माळ नको हां."

त्याला कळूनसुद्धा तो तेच बोलला. लोकांना गोष्टीतली माळ आठवते. दुसरी वाट कुणाला आठवणार? तिचा फोटो निघत नाही.

"ऐकलंस न्हवं, त्यो इंजिनिअर काय म्हणाला आत?" सगळे गेल्यावर मी बायकोला विचारलं.

"ऐकलं. च्या पुरला का सगळ्यांस्नी?"

पुढच्या खंडेनवमीला तिने सर्व्हरची पूजा केली, पण माळ बाहेरच्या दाराला बांधली. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. दाराची माळ सोडली, आत नेली आणि पेटीच्या तोंडावर बांधायला लागलो. ती मागोमाग आली. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत आली. तिने माळेचं दुसरं टोक धरलं.

"वारं अडतंय तितनं," ती म्हणाली. "त्यांनी वाट बांधली न्हवती हे खरं. आन् हितनं वारं अडतंय हे बी खरंच हाय."

"आता दुसरी वाट हाय. पडलं तरी चालतंय."

"चालतंय. पर पाडायचं कशाला?"

मी जास्तच चिडलो. पण माळ सोडली. तिने ती रॅकच्या बाजूच्या पत्र्याला बांधली, जिथून हवा आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. लांब उभं राहून नीट बघितली. फोटो काढला नाही.

दसऱ्याच्या सकाळी दूध घ्यायच्या वेळेला डेअरीचा फोन वाजला. मी हात पुढे केला, तोवर तिने उचलला.

"वहिनी, सोन्यासारखं ऱ्हावा," पलीकडून मॅनेजरचा आवाज खोलीभर. "यंदा माळ बीळ काय..."

"घातलीया," ती म्हणाली. "बाजूला. चिठ्ठ्या निघत्यात न्हवं?"

"निघत्यात की."

"मग दूध बघा."

आणि फोन ठेवला. तिचं तिथे संपलं. कुरुंदवाडच्या लग्नात तिला राग आला नाही तो त्यामुळेच. माझं संपलेलं नाही. तो अहवाल त्यांनी आजवर बदललेला नाही, आणि त्यांचा विक्री अधिकारी आता नव्या डिस्क घेऊन पुन्हा फोन करायला लागलाय. येऊ दे. मी त्याचा हात धरीन, आणि या वेळी कंट्रोलर बंद करून दाखवल्याशिवाय सोडणार नाही.

राहिला नवरीचा मामा. तो गारगोटीकडचाच, त्याच्या गावची दुधाची चिठ्ठी रोज सकाळी माझ्याच पेटीतून निघते. हे त्याला जेवणाच्या रांगेत सांगायचं सुचलं नाही. आता वाचू दे.